अर्धं ऑपरेशन

"वैनी, मेथी ऱ्हाऊ द्या. आधी हिचे व्हट बघा जरा."

मे २०१९ मधला रविवारचा बाजार. ऊन असं की पिशवीतली कोथिंबीर घरी पोचेपर्यंत मान टाकते. भाजीवाल्या मावशींच्या छत्रीखाली, पाट्यांच्या मागे गोधडीवर त्यांची चार महिन्यांची नात रडत होती. घरात तिला छकुली म्हणतात, आपणही इथे तेच म्हणू. रडून मुलं लालबुंद होतात. ही निळी होत होती. ओठ पिकल्या जांभळासारखे आणि इवल्या इवल्या नखांवर शाई सांडावी तसा रंग.

"कधीपासून असं?"

"बारशापस्नं हाय थोडं थोडं. पयल्यांदा रडली की व्हायचं, आता प्यायला घेतलं तरी बी हुतंय. दोन घोट घेती न् दमती. कपाळाला घाम फुटतो बघा. थंडीत बी फुटायचा."

गावातल्या एका दवाखान्यात दाखवून झालं होतं. 'हृदयाला छिद्र दिसतंय, वजन वाढलं की बघू' असं सांगून परत पाठवलेलं. आता जे बाळ दूध ओढतानाच दमतं, त्याचं वजन वाढणार कसं? पण हे विचारायचं धाडस विशीतल्या सुनेला झालं नाही आणि सासूला सुचलं नाही.

मैत्रिणींनो, मी डॉक्टर नाही, नर्स नाही. मराठी घेऊन बी. ए. झालेली साधी गृहिणी. महिला मंडळाच्या निमित्ताने चार घरांत येणं-जाणं असतं. आरोग्यातलं मला कळतं ते एवढंच, की कुठल्या टेबलावर कुठला कागद लागतो. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे त्यात माझ्या अज्ञानाचाही भाग आहे, आणि तो मी लपवणार नाही.

आमच्या अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. हा कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्या पालघरला सुरू झाला. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी होते, आणि काही आढळलं तर पुढच्या उपचारांची सोय. अंगणवाडीच्या ताईंना फोन केला, तर पथक दोन दिवसांनी शेजारच्याच वस्तीवर येणार होतं. त्यातल्या डॉक्टरबाईंनी छकुलीच्या छातीला स्टेथोस्कोप लावला, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला आणि त्या गप्पच झाल्या. मग जिल्ह्याला टूडी इको झाला आणि निदान हातात आलं : टेट्रालॉजी ऑफ फॅलो.

नाव भलं मोठं, पण गोष्ट समजायला तितकी अवघड नाही. हृदयाचे खालचे दोन कप्पे. एकातून अशुद्ध रक्त फुप्फुसाकडे जातं, दुसऱ्यातून शुद्ध रक्त अंगभर. छकुलीच्या त्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीला मोठं भोक होतं, आणि फुप्फुसाकडे जायची वाट अरुंद होती. वाट अरुंद, म्हणून निळं रक्त फुप्फुसाकडे जायच्याऐवजी भोकातून पलीकडे जाऊन अंगभर फिरायचं. या दोषाची आणखी दोन अंगं आहेत, म्हणून 'टेट्रा', म्हणजे चार. हृदयाचा काही ना काही जन्मजात दोष हजार बाळांमागे आठ-नऊ बाळांना असतो. सगळेच गंभीर नसतात, काही छिद्रं आपोआप बुजतात. पण बाळ निळं पडतं ते दोष गंभीर. अशा बाळाने वजन वाढायची वाट बघत घरी बसायचं नसतं.

निदान कळलं आणि घरात दुसरंच सुरू झालं. जुलै २०१८ मध्ये गुरुपौर्णिमेच्या रात्री मोठं खग्रास चंद्रग्रहण होतं. त्या रात्री सून म्हणे विळीवर बसली होती. झालं! शेजारणी, पाहुण्या, जी येईल ती ग्रहणाचंच बोलायची, आणि ती पोर मान खाली घालून बाळाला पाजायचा प्रयत्न करत राहायची. नंतर मुंबईच्या डॉक्टरांना मी मुद्दाम तिच्या सासूसमोर विचारलं. त्यांनी बोटावर हिशेब करून दाखवला. गर्भ राहिल्यापासून पहिल्या आठ आठवड्यांत बाळाचं हृदय घडून होतं. छकुली जानेवारीतली. म्हणजे ते ग्रहण लागलं तेव्हा हृदय, आहे तसं, तयार होऊन बसलं होतं. बहुतेक वेळा नेमकं कारण सापडतच नाही, आईने काही केलं म्हणून तर नाहीच नाही. मावशी ऐकून घेऊन म्हणाल्या, "मग इळीवर बसली त्येचं काय न्हाई?" आणि तो विषय संपला. निदान माझ्यासमोर तरी.

जूनच्या अखेरीस आम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला गेलो. बाळ, तिची आई, बाबा, मावशी आणि मी. बाबा यंत्रमागावर कामाला. खाडा झाला की पगार कापला, तरी आला. महात्मा फुले योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्राने केशरी रेशनकार्ड मागितलं. त्यावर छकुलीचं नाव कुठून असणार? जन्मदाखला आणि आईवडिलांबरोबरचा फोटो यावर काम झालं. ही खबर लक्षात ठेवा, अनेक जणी कार्डावर नाव नाही म्हणून घरीच थांबतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फाइल माझ्या हातात आली. इंग्रजी वाचता येणारी मीच. पहिल्याच पानावर ठरलेल्या ऑपरेशनचं नाव, आणि त्याच्या आधी एक शब्द : पॅलिएटिव्ह.

माझे हातपाय गळाले. हा शब्द मला पाठ होता. २०१४ मध्ये आमच्या सासूबाईंचा कॅन्सर पसरला तेव्हा डॉक्टरांनी यांना बाजूला घेऊन हाच शब्द वापरला होता. आता बरं करायचं औषध नाही, वेदना कमी करू, असा त्याचा अर्थ आम्हाला समजावला होता. पुढे दोन महिन्यांत त्या गेल्या. पाच महिन्यांच्या लेकराच्या कागदावर तोच शब्द! म्हणजे यांनी आशा सोडलीय, आणि आम्हाला सांगितलेलं नाही.

वॉर्डात रात्री एकाच आईला झोपू देतात. आम्ही बाहेर व्हरांड्यात चटई टाकली होती. अकराच्या सुमारास छकुलीची आई बाहेर आली.

"काकू, काय लिहिलंय हो त्या फायलीत?"

"काही नाही गं. ऑपरेशनची तारीख लिहिलीय."

खोटं बोलले. ती आत गेली. मी मात्र पहाटेपर्यंत टक्क जागी. वाटलं, उठवावं सगळ्यांना आणि घरी न्यावं. मरायचंच असेल तर निदान टाके घालून तरी कशाला?

सकाळी राऊंड संपल्यावर एका निवासी डॉक्टर मुलीला जिन्यात गाठलं. माझ्या भाचीच्या वयाची, डोळ्यांत झोप. मी फाइलवरच्या शब्दावर बोट ठेवलं. तिला आधी कळेचना मी का रडतेय ते. मग तिने मला पायरीवर बसवलं.

"काकू, शब्द तोच आहे, पण इथे अर्थ वेगळा. हे ऑपरेशन आजार बरा करत नाही, म्हणून पॅलिएटिव्ह. मोठ्या माणसाच्या शेवटच्या आजारात आपण त्रास कमी करतो. बाळाच्या बाबतीत आपण त्याला मोठं व्हायला अवधी देतो. हिचं हृदय हिच्या मुठीएवढं आहे. फुप्फुसाकडच्या नळ्या तर इतक्या बारीक आहेत, की आज पूर्ण दुरुस्ती करायला गेलो तर धोका फार. म्हणून आज फक्त रक्ताला एक आडवाट करून द्यायची. रक्त पोचलं की नळ्या वाढतील, वजन वाढेल. मग दीड वर्षाच्या आसपास खरं ऑपरेशन."

आडवाट म्हणजे काय, तर हाताकडे रक्त नेणाऱ्या वाहिनीतून फुप्फुसाच्या वाहिनीकडे एक छोटी नळी जोडायची. साडेतीन मिलिमीटर रुंदीची, म्हणजे बॉलपेनची रिफील असते ना, जवळपास तेवढी. याला शंट म्हणतात. मी हे खाली येऊन सांगितलं, तर मावशींना माझ्याआधी कळलं. "म्हंजी पाटाला चारी काढायची. वरनं पाणी येईना तर बाजूच्या पाटातनं घ्यायचं."

कळलं, पण पटलं नाही. "करायचं तर एकदाच पुरतं करा म्हणावं. अर्धं ऑपरेशन कशाला? दोनदा पोर कापायची?" तेवढ्यात गावाहून चुलत सासऱ्यांचा फोन. पोरगीच आहे, पुन्हा होतील, घेऊन या. बाबाच्या हातात संमतीचा कागद होता, आणि तो नुसता कागदाकडे बघत उभा. धोकेही सांगितलेले होते. नळी गुठळीने बंद पडू शकते, फुप्फुसात रक्त जास्त जाऊ शकतं, बाळ टेबलावर जाऊही शकतं. माणूस डगमगणारच.

दोन दिवसांत जिचा आवाज मी ऐकला नव्हता, ती आई म्हणाली, "द्या हिकडं. सही मी करते."

शेजारच्या खाटेवर विदर्भातलं एक बाळ होतं. त्याच्या हृदयाला खालचा कामाचा कप्पाच एक. त्याचं कधीच 'पूर्ण' व्हायचं नव्हतं. आधी शंट, मग काही महिन्यांनी ग्लेन नावाचं ऑपरेशन, मग तीन-चार वर्षांचा झाला की फॉन्टन. तिन्ही पॅलिएटिव्हच. त्याची आई मला म्हणाली, "ताई, मी एकेक पायरी मोजते. वर कुठं जायचं ते बघतच नाही." मग स्टोव्हवर दूध ठेवायला निघून गेली. या तिन्ही पायऱ्या चढून शाळा-कॉलेजात जाणारी मुलं आहेत, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला त्या बाईकडे बघवत नव्हतं.

शंट झाला. आयसीयूच्या काचेतून बघितलं, तर नळ्यांच्या गुंत्यात छकुलीचे ओठ. गुलाबी. अगदी गुलाबी नव्हेत, पण जांभूळ गेलेलं. मावशी काचेला कपाळ टेकवून उभ्या राहिल्या.

या शंटची हकिकत मी नंतर वाचून काढली आणि ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १९३० पासून डॉ. हेलन टॉसिग मुलांच्या हृदयाचा दवाखाना चालवत होत्या. हार्वर्डमध्ये तेव्हा स्त्रियांना डॉक्टरकीची पदवी देत नसत, म्हणून त्या इथे शिकलेल्या. त्यात ऐकू येणं कमी कमी होत गेलेलं. हृदयाची डॉक्टर आणि स्टेथोस्कोप ऐकू येत नाही! तर या बाई मुलांच्या छातीवर बोटं ठेवून ठोके 'वाचायला' शिकल्या. निळी बाळं त्यांच्यासमोर मरत होती, उपाय नव्हता. पण त्यांच्या एक लक्षात आलं. पोटातल्या बाळाला एक जादा रक्तवाहिनी असते, ती जन्मानंतर बंद होते. ज्या निळ्या बाळांची ती उघडी राहते, ती बाळं बरी असतात, आणि बंद झाली की खालावतात. मग तशी एखादी वाट आपणच करून दिली तर?

बोस्टनच्या एका नामवंत सर्जनना त्यांनी हे सुचवलं, त्यांनी रस दाखवला नाही. पुढे हॉपकिन्सला डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक आले आणि त्यांच्याबरोबर त्यांचे प्रयोगशाळेतले सहायक व्हिव्हियन थॉमस. थॉमस कृष्णवर्णीय, मूळचे सुतारकामात तरबेज. डॉक्टर व्हायचं म्हणून पैसे साठवले होते, ते महामंदीत बँक बुडाल्यावर गेले. प्रयोगशाळेत नोकरी मिळाली, पण कागदोपत्री हुद्दा आणि पगार झाडूवाल्याचा. या माणसाने कुत्र्यांवर प्रयोग करकरून ही जोडणी बसवली, लहान बाळासाठी सुया-चिमटे बेतून घेतले. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी आयलीन नावाच्या पंधरा महिन्यांच्या मुलीवर पहिलं ऑपरेशन झालं. वजन जेमतेम चार किलो. सर्जन ब्लॅलॉक, आणि त्यांच्या पाठीमागे स्टुलावर उभे थॉमस, पुढचा टाका कसा ते सांगायला. १९४५ मध्ये ऑपरेशनचा अहवाल छापला गेला, त्यात थॉमस यांचं नाव नव्हतं. विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली ती १९७६ मध्ये. 'ब्लॅलॉक-टॉसिग शंट' असं नाव पडलेलं, आता कितीतरी डॉक्टर मध्ये 'थॉमस' घालून लिहितात.

आणि आयलीन? ती गुलाबी होऊन घरी गेली, पण काही महिन्यांत पुन्हा निळी पडली आणि दगावली. हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. कारण तोवर आमच्याकडेही एक गोष्ट घडून गेली होती, आणि तिला मी जबाबदार होते.

जुलैच्या अखेरीस छकुलीला घरी आणलं. मी काय केलं, तर पेढे वाटले. मंडळाच्या बैठकीत छकुलीच्या आईची ओटी भरली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "झालं गं बाई ऑपरेशन, आता काळजी नाही." टाळ्या झाल्या. जिन्यावर बसून सगळं समजून घेतलेली मी, आणि माझ्याच तोंडून हे वाक्य! डिस्चार्जचा कागद इंग्रजीत होता. त्यावरच्या गोळ्या मी एकदा तोंडी समजावल्या. रक्त पातळ ठेवायची ॲस्पिरिन रोज, हेही सांगितलं. का, ते नीट सांगितलं नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला, तो तुम्हाला आठवत असेल. आमचं गाव उंचावर, पण कृष्णाकाठची गावं पाण्यात. आमचं मंडळ चादरी, बिस्किटं, साड्या गोळा करण्यात बुडालं. मी पहाटे घराबाहेर पडायची ती रात्री परतायची. रस्ते बंद, औषधांच्या दुकानांत माल नाही. छकुलीची गोळी संपली. दोन दुकानांत मिळाली नाही, तेव्हा मावशी म्हणाल्या, "ऑपरेशन झालंय की. वैनीच बोलल्या, काळजी न्हाई." आणि गोळी बंद. पूर ओसरल्यावर घरोघर जुलाब सुरू झाले, तिलाही झाले. पोटाला आराम म्हणून दूध-पाणीही कमी केलं. त्या पंधरा दिवसांत मी एकदाही त्यांच्या दारात गेले नाही. माझ्या लेखी ते काम झालेलं होतं.

एका दुपारी आई तिला पदरात गुंडाळून धावत माझ्याकडे आली. डोळे खोल गेलेले, टाळू आत, आणि ओठ... पुन्हा तेच जांभूळ.

शंट ही बारीकशी नळी. अंगातलं पाणी कमी झालं की रक्त दाट होतं, आणि त्यात गोळीही बंद, तर गुठळी व्हायला कितीसा वेळ? साध्या जुलाबाने हे बाळ जाऊ शकतं. आमच्या गावातल्या मुलांच्या डॉक्टरांनी आधी छातीला स्टेथोस्कोप लावला. डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, "चालू आहे. आवाज येतोय." लगेच सलाईन, ऑक्सिजन, मुंबईला फोन, आणि १०८ ची गाडी बोलावून मिरजेला रवानगी. चार दिवसांनी धोका टळला.

चालू शंटचा आवाज असतो, थांबून थांबून येणारा नव्हे, एकसारखा. डॉक्टर त्याला यंत्राच्या घरघरीची उपमा देतात. त्या दिवशी बाबाने स्टेथोस्कोप मागून ऐकला आणि म्हणाला, "माग चाललाय की आत!" तेव्हापासून त्या घरात रोज रात्री आई छकुलीच्या छातीला कान लावायची. माग चालू आहे ना, बघायची. मग झोपायची.

मी घरी येऊन एक काम केलं. डिस्चार्जचा कागद मराठीत उतरवला, मोठ्या अक्षरात, आणि त्यांच्या भिंतीवरच्या कालनिर्णयशेजारी चिकटवला. गोळी एक दिवसही चुकवायची नाही. उलटी-जुलाब-ताप आला की त्याच दिवशी डॉक्टर, पाणी-दूध तोडायचं नाही. दात आले की स्वच्छ ठेवायचे, कारण तोंडातले जंतू हृदयापर्यंत जातात. आणि अचानक जास्त निळी पडून कासावीस झाली, तर तिला शांत करत दोन्ही गुडघे पोटाशी, छातीशी दुमडून धरायचे आणि तसंच दवाखाना गाठायचा. सगळ्यात वर लाल पेनाने लिहिलं : हे अर्धं ऑपरेशन आहे. मावशींचाच शब्द. पॅलिएटिव्हला यापेक्षा चांगला मराठी शब्द मला आजही सापडलेला नाही.

उरलेल्या अर्ध्याची तारीख होती २०२० चा उन्हाळा. मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं. गाड्या बंद, माग बंद, तारीख पुढे. छकुली तोवर चालायला लागली होती. जूनमध्ये मावशी कौतुकाने सांगायला लागल्या, "किती शानी बघा. चार पावलं चालती, न् दमली की आपली आपण उकिडवी बसती." मला धस्स झालं. निळी मुलं चालता चालता उकिडवी बसतात, हे डॉ. टॉसिगबद्दल वाचताना डोळ्यांखालून गेलं होतं. पाय दुमडले की पायांकडे जाणारं रक्त अडतं आणि फुप्फुसाकडे जास्त जातं. ते लेकरू आपल्यापुरता उपाय शोधून काढत होतं. म्हणजे शंट अपुरा पडायला लागला होता. ती वाढत होती, नळी तेवढीच राहिली होती.

या वेळी मी तोंडी निरोपावर विसंबले नाही. उकिडवी बसलेल्या छकुलीचा फोटो काढला, बोटाच्या चिमट्यावरचे आकडे आठवडाभर वहीत लिहिले आणि तालुक्याच्या आरोग्य पथकामार्फत मुंबईला पाठवले. दोन फेऱ्या फुकट गेल्या, एकदा कोविडच्या चाचणीवरून परत फिरावं लागलं. अखेर नोव्हेंबर २०२० मध्ये, दिवाळी झाल्यावर, गाडी करून गेलो. भिंतीचं भोक ठिगळ लावून बुजवलं, फुप्फुसाची वाट मोकळी केली आणि त्या साडेतीन मिलिमीटरच्या नळीचं काम संपलं, ती बंद केली.

वॉर्डात आणल्यावर पहिल्या रात्री अडीचच्या सुमाराला आईचा फोन. आवाज कापत होता. "काकू, आवाज येत न्हाई. माग बंद पडलाय." सवयीने तिने छातीला कान लावला होता. तिला कुणी सांगितलंच नव्हतं, की आता तो आवाज येणार नाही, येऊच नये. मीही विसरले होते. व्हरांड्यातून धावत गेले. नर्सबाईंनी तिला पाण्याचा ग्लास दिला, बाळाचा हात उघडून नखं दाखवली. गुलाबी. ती बराच वेळ ती नखंच बघत बसली.

छकुली आता शाळेत जाते. अंगावर दोन व्रण आहेत, एक काखेखाली बाजूला, एक छातीच्या मधोमध. आंघोळीला बसली की विचारते, हा कुठला, तो कुठला. मावशी सांगतात, "ह्यो अर्ध्याचा, न् ह्यो पुऱ्याचा." पुरा म्हटलं तरी वर्षातून एकदा इको लागतोच. फुप्फुसाची झडप पुढे गळायला लागली तर मोठेपणी बदलावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. ते मी या वेळी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं आणि चुलत सासऱ्यांनाही बोलावलं होतं.

यंदाची तारीख मे महिन्यातली आहे. महालक्ष्मीची तिकिटं काढायला मी गेले, तेव्हा छकुलीने बजावलंय, खिडकी तिचीच. मागच्या वेळी खंडाळ्याचा घाट आला तेव्हा ती झोपली होती आणि कुणी उठवलं नाही, याचा तिला अजून राग आहे.